पट्टी बदलून मिळेल

गाणाऱ्या बाईंनी ‘काळी चार’ एवढे दोन शब्द उच्चारले की त्यांचं काम संपतं आणि बाकीच्यांचं सुरू होतं. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकू लागतो, आणि ठोकून भागणार नसेल तर गवसणीतून दुसरा दायाँ बाहेर काढतो. बासरीवाला खांद्यावरची लांबडी पिशवी उघडून बांबूमागून बांबू चाचपतो. पेटीवाल्याच्या कपाळावर बारीक आठी उमटते. पेटी स्केल चेंजरची असेल तर तो पट्ट्यांचा अख्खा सांगाडा सरकवतो आणि आठी मिटते. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या जातात. पाच-सात माणसं राबतात, बाई तेवढ्यात चहा घेतात, आणि यात काही अन्याय आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच कामगिरी ‘ट्रान्सपोज’ नावाच्या एका आज्ञेवर होते. त्यामुळे पट्टी बदलण्याचा त्रास कायमचा मिटला, असा एक समज पसरला आहे. माझं म्हणणं असं, की हा त्रास मिटणाऱ्यांतला नाही. तो कुणीतरी सोसावाच लागतो. पूर्वी तो कुणी सोसायचा हे ठरलेलं असे; बटण आल्यापासून ते ठरवायचं राहून जातं, एवढाच फरक.

हा हिशोब मांडायला हैदराबादचं जामबाग सोयीचं आहे. १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी इथली. कोठी आणि सुलतान बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, रामकोटीचं सरकारी संगीत महाविद्यालयही फार लांब नाही. समजा, इथल्या एखाद्या हॉलमध्ये गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाची तालीम आहे. गाणाऱ्या काकू मराठी, पेटीवाले सर मराठी, तबलजी भाई जुन्या शहरातले दखनी बोलणारे, बासरीवाले गारू तेलुगू. काकू म्हणतात ‘काळी चार’. भाई मान डोलावतात. गारू स्वतःशी ‘साडेपाच श्रुती’ असं पुटपुटतात, कारण कर्नाटक पद्धतीत त्या सुराचा नंबर साडेपाच आहे. चार आणि साडेपाच यांत दीडचा फरक असूनही दोघांचा सूर तंतोतंत जुळतो, हे गणिताच्या मास्तरांना पटवणं अवघड आहे. आता या मंडळींत दोन पाहुणे घाला: लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला आणि त्याचा दोस्त, अल्टो सॅक्सोफोनवाला. आणि तिसरा, हायटेक सिटीत नोकरी करणारा कुणाचा तरी भाचा. त्याच्या लॅपटॉपवर म्यूझस्कोर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे आणि ‘सगळ्यांचे कागद मी काढून देतो’ असं त्याने घोषित करून टाकलं आहे. भाचा हुशार आहे, मदत करायची त्याची मनापासून इच्छा आहे. गोंधळाला एवढं साहित्य पुरतं.

पाहुण्यांची अडचण आधी समजून घेतली पाहिजे. सर्वसाधारण क्लॅरिनेटवर कागदावरचा ‘सी’ वाजवला की कानाला ‘बी-फ्लॅट’ ऐकू येतो. अल्टो सॅक्सोफोनवर तोच ‘सी’ वाजवला की ‘ई-फ्लॅट’ निघतो. कागदावर एक आणि कानाला दुसरं, याला पाश्चात्त्य मंडळी ट्रान्सपोझिंग वाद्य म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला प्रथमदर्शनी हा निव्वळ आडमुठेपणा वाटतो. तो आडमुठेपणा नाही. क्लॅरिनेट लहान-मोठ्या आकारांची असतात, सॅक्सोफोनचं तर आख्खं खानदान आहे. ॲडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलं तेच भावंडांच्या संचाचं. वादकाने एका आकाराचं वाद्य खाली ठेवून दुसरं उचललं, तर बोटांची सवय बदलावी लागू नये, म्हणून कागद बदलायचा अशी ही तोड आहे. बासरीवाल्याची पिशवी यापेक्षा वेगळं काय करते? बांबू लांब असो की आखूड, ‘सा’साठी बोटं ठरलेल्या भोकांवरच पडतात. आपल्याकडे बोटंही तीच आणि कागदावरचा ‘सा’ही तोच, बांबू तेवढा बदलतो. त्यांच्याकडे बोटं तीच ठेवण्यासाठी कागदावरचा सूर बदलतात. वादकाच्या बोटांना त्रास द्यायचा नाही, यावर पूर्व आणि पश्चिम यांचं एकमत आहे. वाद आहे तो त्रास मग कुणाला द्यायचा, याबद्दल.

पश्चिमेने तो लिहिणाऱ्याला दिला. संगीतकाराने चाल एका पट्टीत बांधायची आणि नक्कल करणाऱ्याने प्रत्येक वाद्याचा कागद वेगळ्या पट्टीत उतरवायचा. मुंबईच्या सिनेसंगीतात हे ओझं वाहणारे बहुतेक गोव्याचे होते. पॅरिशच्या शाळांतून सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, गिरवून आलेली ही मंडळी, अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखी, संगीतकाराने पेटीवर ऐकवलेली चाल पाच रेघांवर उतरवत आणि तिला वाद्यवृंदाचे कपडे चढवत. यांतल्या गोन्साल्विसांचं नाव १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधल्या अंड्यातून बाहेर पडलं आणि घराघरांत पोचलं, त्यांचा शिष्य प्यारेलाल याने गुरुदक्षिणा अशी दिली. पण अरेंजरच्याही मागे कॉपिस्ट असे, आणि त्याचं नाव कुठल्याच अंड्यातून निघालं नाही. व्हायोलिनचा कागद वेगळा, क्लॅरिनेटचा एक सूर वर, अल्टो सॅक्सचा साडेचार सूर वर. रेकॉर्डिंगच्या दिवशी गायिकेचा घसा बसला आणि ‘अर्धा सूर खाली घेऊ या’ असं ठरलं, की ज्याने रात्र जागून कागद केले त्याच्या चेहऱ्याकडे न बघणं हाच शिष्टाचार. त्रास खरा होता, आणि त्याचा धनीही ठरलेला होता.

आपण तो त्रास लिहिणाऱ्याला कधी दिलाच नाही, कारण आपल्या लेखनाला पट्टी ठाऊकच नाही. भातखंड्यांच्या स्वरलिपीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, वरच्या-खालच्या सप्तकाला वर-खाली टिंब. पण ‘सा’ कुठला, याबद्दल पानभर मौन. क्रमिक पुस्तकमालिका घेऊन बसलेला आठ वर्षांचा मुलगा आणि साठ वर्षांचे आजोबा एकच ओळ वाचतात आणि दोघं आपापल्या ‘सा’वरून बरोबर गातात. जामबागेत याचं उत्तम उदाहरण फुलांच्या दुकानात मिळतं. घाऊक बाजार गुडीमलकापूरला गेला तरी जामबागचं नाव फुलांशी जोडलेलंच आहे, आणि इथे गजरा मुरावर विकतात. मूर म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. कोपर कुणाचं? विकणाऱ्याचं. बुटकी अम्मा आणि धिप्पाड अण्णा यांचे मूर एक नसतात हे गिऱ्हाइकाला दिसतं. तरी कुणी खिशातून टेप काढत नाही. आपला ‘सा’ या मुरासारखा आहे: माप माणसाच्या अंगावर असतं. सॉफ्टवेअर मात्र टेप घेऊन येतं. टेपमध्ये वाईट काही नाही. फक्त टेपला कोपर नसतं.

कोपर नसल्यामुळे काय होतं ते जवळून पाहू. काकूंना भैरवातली एक रचना काळी चारमध्ये गायची आहे. भाचा विचारतो, “काकू, जी-शार्प की ए-फ्लॅट?” काकू म्हणतात, “काळी चार.” भाचा म्हणतो, “हो, पण लिहायचं काय?” पेटीवाले सर पट्टीवर बोट ठेवून दाखवतात. पट्टी एकच आहे, नावं दोन, आणि कागदाला एकच नाव चालतं. जी-शार्प घ्यावं तर त्याच्या मेजर सप्तकाला आठ शार्प लागतात आणि यादी सातवर संपते; म्हणून ए-फ्लॅट, चार फ्लॅट. इथवर ठीक. भैरवात रिषभ आणि धैवत कोमल. ए-फ्लॅटचा रिषभ बी-फ्लॅट. तो मुळातच फ्लॅट, आता कोमल केला की ‘बी-डबल-फ्लॅट’. पेटीवर बोट ठेवून पाहिलं तर ही साधीसुधी पांढरी सहा आहे. जो सूर भातखंड्यांनी ‘रे’खाली एक रेघ ओढून मिटवला, त्याला कागदावर दोन फ्लॅट शेजारी शेजारी लावून मिरवावं लागतं. क्लॅरिनेटच्या कागदावर तोच कोमल रिषभ ‘सी-फ्लॅट’ होतो, आणि सॅक्सोफोनच्या कागदावर ‘जी-फ्लॅट’. तिघांनी वाजवला की एकच सूर निघतो. तिघांनी एकमेकांचे कागद पाहिले तर भांडण निघतं.

आणि इतक्यात काकू म्हणतात, “आज घसा जरा जड आहे रे, पांढरी पाच घेऊ या.” अर्धा सूर खाली. काकूंच्या दृष्टीने ही क्षुल्लक सवलत आहे. भाई “हौ, उतारतौं” म्हणून हातोडी उचलतात. गारू दुसरा बांबू काढतात. भाचा तर विजयी मुद्रेने एकच बटण दाबतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे कागद नवे होतात. सॉफ्टवेअरची जाहिरात इथे संपते. क्लॅरिनेटवाला मात्र आपला कागद बघतो: मघाशी दोन फ्लॅट होते, आता तीन शार्प आहेत. सॅक्सोफोनवाल्याकडे एक फ्लॅट होता. तिथे चार शार्प येऊन बसले आहेत. काकूंचा अर्धा सूर हलला, तर या दोघांची बोटं एका घरातून उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवली. बटणाने कॉपिस्टची रात्र वाचवली हे खरं. ती रात्र त्याने क्लॅरिनेटवाल्याच्या नावावर चढवली, आणि तीही तालमीच्या ऐन मध्यात, रात्र नावाची सोय हाताशी नसताना. पूर्वीचा कॉपिस्ट निदान दोन शिव्या घालून अरेंजरला सांगू शकत होता, की साहेब, हा कागद वाजणार नाही. बटण शिव्या घालत नाही. हा त्याचा मोठा दोष आहे.

यावर संगणकाची बाजू घेणारे म्हणतील, की हा दोष बटणाचा नाही, दाबणाऱ्याचा. नीट पर्याय निवडले की सगळं ठीक होतं. तर पर्यायच पाहू. म्यूझस्कोरच्या ट्रान्सपोजच्या चौकटीत दोन वाटा असतात: एक क्रोमॅटिक, एक डायटॉनिक. पहिलीत सगळे सूर एकसारख्या अंतराने सरकतात आणि चाल जशीच्या तशी राहते. दुसरीत सूर त्याच सप्तकाच्या पायऱ्यांवरून सरकतात. आणि सप्तकाच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. बिलावलातली चाल या दुसऱ्या वाटेने एक पायरी वर नेली आणि नव्या जागेलाच ‘सा’ मानलं, तर ती काफी थाटात जाते. दोन पायऱ्या नेली तर भैरवी होते. आपल्या शास्त्रकारांनी याला मूर्च्छना म्हटलं आणि त्यावर ग्रंथ लिहिले. भाच्याने चुकीच्या गोल टिंबावर क्लिक करून तीच विद्या एका क्षणात साधली. कार्यक्रमाचं पहिलंच गाणं भैरवीत सुरू झालं तर जाणकार श्रोते चपला शोधायला लागतील, हा तोटा सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात दिलेला नसतो. दोष दाबणाऱ्याचा आहे, मान्य. पण पेटीवाल्या सरांच्या हातून ही चूक झाली असती, तर दुसऱ्याच सुराला काकूंनी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं असतं, आणि त्या नजरेला दुरुस्तीचं बटण लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सॉफ्टवेअर वाद्याची मर्यादाही सांभाळतं, असं म्हणतात; सूर आवाक्याबाहेर गेला की तो रंग बदलतो. हे खरं आहे आणि उपयोगाचं आहे. क्लॅरिनेटच्या कागदावरच्या ठरावीक ‘ई’खाली सूर गेला तर तिथे वाजवायला लाकूडच शिल्लक नसतं, असा सूर लाल होतो तेव्हा संगणक वादकाचा मित्र ठरतो. पण सूर पोचतो का, हा एक प्रश्न. तिथे राहवतं का, हा दुसरा. गणपतीची आरती घ्या. तिची पट्टी कुठल्याही घरात, जामबागेत काय किंवा सदाशिव पेठेत काय, सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने सुरू करणारा माणूस ठरवतो. पुरुषांची पट्टी साधारण काळी एकच्या आसपास, बायकांची काळी चार-पाचच्या. काकांनी त्यांच्या सोयीने सुरू केली की बायका मंद्र सप्तकात पुटपुटतात. काकूंनी सुरू केली की दुसऱ्या कडव्याला पुरुषांचे गळे लाल होतात, कागद होत नाही. प्रत्येक सूर प्रत्येकाच्या आवाक्यात असतो, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबी सगळं निर्दोष. तरी चौथ्या आरतीला अर्धी खोली नुसती टाळ्या वाजवत असते. हैदराबादच्या लग्नांत वाजणाऱ्या मर्फ्याला ही कटकट नाही. तिथे नगारा, ढोल आणि काठ्या यांचं राज्य, पट्टीचा संबंधच नाही, म्हणून त्या वरातीत सगळे शेवटपर्यंत नाचतात.

तिसरा आक्षेप सुधारकांचा. ते म्हणतात, हे फ्लॅट आणि शार्पचं नाटक हवंच कशाला? सगळ्यांनी खऱ्या सुरात, म्हणजे कॉन्सर्ट पिचमध्ये लिहावं आणि वाचावं. सॉफ्टवेअरमध्ये तेही एक बटण आहेच. ही सुधारणा नवी नाही. प्रोकोफिएव्ह आणि शोनबर्ग यांनी आपले पूर्ण स्कोर असेच लिहिले, म्हणजे संचालकाच्या डोळ्यांना आराम. पण वादकांच्या हातात गेलेले कागद मात्र जुन्याच रीतीने, आपापल्या पट्टीत. संचालक स्कोर डोळ्यांनी वाचतो, क्लॅरिनेटवाला बोटांनी वाचतो. बोटांना सुधारक आवडत नाहीत. तेव्हा सुधारणा संचालकापाशी थांबली आणि त्रास पुन्हा नक्कल करणाऱ्याकडे गेला. क्रांतीचा अनुभव बहुधा असाच असतो.

चौथा आक्षेप आपल्या घरचा आहे, आणि तो करणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमान असतो: मग सगळ्यांनी सरगमच वाचावी की! सरगमीला पट्टीच नाही, म्हणजे बदलायचं काही उरत नाही. इथे मला अभिमान बाजूला ठेवून संगणकाची बाजू घ्यावी लागते. सरगम एका गळ्यासाठी, एका ‘सा’भोवती फिरणाऱ्या संगीतासाठी बिनतोड आहे. पण एकाच वेळी तीन वाद्यं तीन वेगळे सूर वाजवणार असतील, मधल्या संगीतात ‘सा’च हलणार असेल, आणि कुणी कुठल्या मात्रेवर थांबायचं हे एका नजरेत दिसायला हवं असेल, तर पाच रेघांचा कागद जास्त कामाचा. लग्नाच्या बँडमधला वादक पाच रेघा वाचून मोठा झाला असेल, तर त्याला सरगम देणं म्हणजे त्रास त्याच्यावर ढकलून आपण संस्कृतिरक्षक होणं. आणि आपल्या पद्धतीत त्रास नाही हेही अर्धसत्यच. तो तबलजीच्या खांद्यावरच्या दोन जादा दायाँमध्ये, बासरीच्या पिशवीच्या वजनात, आणि स्केल चेंजरसाठी मोजलेल्या पैशांत असतो. कागदावर नसतो म्हणून लिहिणाऱ्यांना दिसत नाही, इतकंच.

तेव्हा पट्टी बदलण्याची प्रत्येक पद्धत म्हणजे त्रासाची एक वाटणी असते. मैफलीत गाणारा राजा, बाकीचे राबतात, आणि ते सर्वांना मान्य. वाद्यवृंदात वादक राजा, कॉपिस्ट राबतो, आणि त्याला त्याचा मोबदला. सॉफ्टवेअरने आणलेली नवी गोष्ट ही, की यात राबणारा कुणी दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याचा विचार न करता कितीही वेळा पट्टी बदलता येते. जिथे एका रात्रीचं जागरण पणाला लागे तिथे ‘अर्धा सूर खाली’ म्हणण्याआधी माणूस गरम पाणी पिऊन बघायचा. आता गरम पाण्याआधी बटण. स्टेजवरच्या कीबोर्डवाल्यांनी ही चैन फार आधी भोगली आहे: बोटं सगळी गाणी पांढरी एकमध्येच वाजवतात आणि ट्रान्सपोजचं बटण पुढचं बघतं, मग एखाद्या संध्याकाळी बटण पूर्ववत करायचं राहतं आणि पुढचा गायक तोंड उघडताच कळतं, की त्रास गेला नव्हता, नुसता रांगेत उभा होता. संगणकाच्या भरवशाचंही तेच. १९८८पासून चालत आलेलं फिनाले हे नामांकित सॉफ्टवेअर २०२४च्या ऑगस्टमध्ये बनवणाऱ्यांनीच बंद केलं. ज्यांचे आयुष्यभराचे कागद त्यात होते त्यांना एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्थलांतर करावं लागलं, आणि या ट्रान्सपोझिशनला बटण नव्हतं.

यावरून कुणी भाच्याचा लॅपटॉप मिटवायला निघणार असेल तर ते चूक होईल. एकसारख्या अंतराने पाचशे सूर सरकवण्याचं काम माणसाने करूच नये. त्यात चुका होतात आणि मान दुखते. मागणी एवढीच, की बटणाला ‘किती’ हे कळतं, ‘कुणासाठी’ हे कळत नाही. ते विचारायचं काम दाबणाऱ्याने करावं. भाच्याने तालमीला आल्यावर लॅपटॉप उघडण्याआधी काकूंना दोन ओळी गायला लावाव्यात, आज आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीही. क्लॅरिनेटवाल्याला विचारावं की दोन फ्लॅट बरे की तीन शार्प, आणि तो जे सांगेल ते काकूंच्या कानावर घालावं. कदाचित काळी चार आणि पांढरी पाच यांत काकूंना खरोखरच काही फरक पडत नसेल, आणि ‘आज घसा जड आहे’ हे त्या दर तालमीला सवयीने म्हणत असतील. ही माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भरलेली नाही. पेटीवाल्या सरांना मात्र ती बारा वर्षांपासून आहे, आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.